तहानलेलं रोप

"तहानलेलं रोप टकटक आवाज करतं, असं संशोधकांना आढळलंय. आपल्याला ऐकू येत नाही, पण तुझ्या बाबाने आणलेलं हे यंत्र तो ऐकवतं," योगराजआबा लिंबायत वस्तीतल्या घरात नातीला, गायत्रीला समजावत होते. समोर डब्यात आबांच्या बायकोने, मालतीबाईंनी लावलेलं टोमॅटोचं रोप सुकलं होतं. त्यांना जाऊन महिना झाला होता.

यंत्र टकटकलं. दोनदा, जरा थांबून एकदा.

आबा चपापले. पूर्वी कापडाच्या कारखान्यात मागांच्या खडखडाटात हाक पोहोचत नसे. मालतीबाई मागाच्या लाकडी धोट्याने असंच ठोकून त्यांना जेवायला बोलवायच्या.

"आबा, पाणी टाका ने! मरून जाईल ते!"

पाणी घातलं तर हाक थांबणार होती. तरी आबांनी तांब्या ओतला. आवाज थांबला. गायत्री यंत्र बंद करून खेळायला पळाली.

रिकाम्या घरात आबांनी डब्यावर ठोकलं. दोनदा, जरा थांबून एकदा.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं.