एसीतला जांभळा दिवा

"पावणं, कुणाला पटायचं न्हाय, पण आमच्या एसीतल्या जांभळ्या दिव्यानं डाससुद्धा रापून काळा पडतोय!" जोतीरामतात्यांनी पाहुण्यापुढं सुरुवात केली.

आत चहा गाळणारी त्यांची सून वर्षाराणी वैतागली. सासूचा, तानूबाईंचा, खोकला थांबावा म्हणून हवेतले जंतू मारणारा तो दिवा तिनंच हट्टानं बसवून घेतला होता. फिल्टर धुऊन धुऊन हात सोलले, तरी त्यांची ढास काही हटेना. एसीवाला म्हणे, दिवा झ्याक चाललाय.

तात्यांना आता चेव चढला. "जंतूचं काय घिऊन बसलाय? खोलीचं दार लावून बिडी वढा, धूरबी गिळतोय. वास म्हणून ऱ्हात न्हाय!"

वर्षाराणीनं बाहेर येऊन सासऱ्यांपुढं चहाचा ट्रे आदळला.

"मामा, बिडी तर दिवाळीलाच सोडलीया म्हणालतासा की!"