ठरलेलं वाक्य

पंच्याऐंशी साली पहिल्यांदा आमदार झाल्यापासून वीस वर्षांत दिनकररावांनी शिरूर-दौंडच्या पट्ट्यातला दहावा सहसा चुकवला नव्हता. सकाळी सातला एक घाट, नऊच्या आत दुसरा. गाडीतच पीए मयताचं नाव सांगायचा आणि श्रद्धांजलीत साहेबांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "जायच्या आठच दिवस आधी माझ्या ऑफिसात आले होते, आम्ही बसून चहा घेतला." घरच्यांचे डोळे भरून यायचे.

केंदूरला हौसरावांच्या दहाव्यालाही ते तेच बोलले. गाडीकडं निघाले, तर हौसरावांची बायको साळूबाई वाटेत उभी. अर्ज असेल म्हणून पीएनं हात पुढं केला, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"साहेब, आप्रेशनला तुमची चिठ्ठी लागत व्हती. त्यापायी त्ये तीनदा शिरूरला आलं. दर खेपंला घरी येऊन म्हणायचं, साहेबांची गाठच पडली न्हाई. आप्रेशन तसंच राह्यलं."

दिनकररावांना ऑफिसाबाहेरचा बाक आठवला. त्यावर बसलेल्या हौसरावांचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. आता ही चारचौघांत आपली लाज काढणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

साळूबाईनं हात जोडले.



"तुम्ही तर त्यांना बसवून चहा पाजलात. मग मरता मरता त्ये माझ्याशी खोटं का बोललं असतील, साहेब?"