अंदाज चुकवणारी बाई

पाणीवापर संस्थेच्या निवडणुकीला आता कोणी फिरकत नसे. न आलेल्या माणसाचं मत यंत्रच त्याच्या सवयींवरून ठरवून टाकायचं.

वत्सलाकाकू मात्र केंद्रावर आल्या.

"काकू, कशाला आलात? तुमचं मत यंत्राने टाकलंय," केंद्रावरची रुक्साना म्हणाली. "तुमचं शेत कालव्याच्या तोंडाशी, म्हणून तोंडाकडच्याच उमेदवाराला."

"मग ते पुस आधी! कालव्याच्या शेवटाला, टेलच्या शेतांना पाणी पोचत नाही, हे यंत्राला दिसत नाही का? माझं मत टेलच्या सगुणाला."

सगुणा एका मताने निवडून आली. त्या वर्षी पाणी टेलपर्यंत गेलं.

पुढच्या निवडणुकीत यंत्राने काकूंच्या नावापुढे लिहिलं, 'अंदाज बांधता येत नाही.'

काकूंनी ते छापून घेतलं आणि दारावरच्या पाटीखाली चिकटवलं.