कालचं सांग

दार दोन बोटं उघडलं आणि साखळीला अडकून थांबलं. फटीत एक डोळा दिसला आणि अर्धं नाक.

"स्वानंदी," हिमानी म्हणाली, "अगं, मी. आई."

डोळा हलला नाही. सात महिन्यांनी भेटणारी सात वर्षांची लेक धावत येऊन गळ्यात पडेल, हे हिमानीनं विमानात पन्नासदा तरी रंगवलं होतं. न कळवता यायची हौस तिचीच. अडकून पडलेल्या व्हिसाचा शिक्का मिळाल्याबरोबर तिनं तिकीट काढलं होतं आणि नवऱ्याला, शंतनूलाही, पत्ता लागू दिला नव्हता. आता अमेरिकेत, नोव्हायच्या बर्फात, पुण्याहून घालून आलेल्या पातळ स्वेटरमध्ये, दोन बॅगांच्या मधोमध ती उभी होती.

"आई पुण्यात आहे," स्वानंदी म्हणाली. "आत्ताच बोलले मी तिच्याशी. शाळेतून आल्यावर रोज बोलते."

हिमानीला क्षणभर हसूच आलं. इथे दुपारचे चार वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. पोरगी शाळेतून येऊन हाका मारणार आणि आई झोपलेली असणार, हे दोघांनाही बघवेना. नवराबायको दोघंही इंजिनिअर. अडचण आली की सोल्यूशन काढायचं, ही खोडच. हिमानीनं तीनशे वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवली, शंतनूनं ती टॅबमधल्या ॲपला शिकवली, आणि ॲप तिच्या आवाजात बोलू लागलं. पहिल्याच दिवशी स्वानंदी टॅबशी पाऊण तास बोलली, तेव्हा दोघांनी आपापल्या देशात स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. ही खरी आई नव्हे, हे स्वानंदीला सांगायचं तेवढं राहून गेलं. नंतर सांगू म्हणाले, आणि सात महिने गेले.

"ते ॲप होतं, राणी. खरी आई मी."

"कॉपी ऑल्वेज सेज दॅट."

आत टीव्हीवर कुणीतरी जपानीत ओरडलं. शेजारच्या युकीनं लावलेलं वेड होतं हे: माणसांसारखे दिसणारे रोबो आणि त्यांच्याशी लढणारा चंदेरी चिलखतातला वीर. फटीतून हिमानीला पडदा दिसत होता. ॲप्रन घातलेली एक बाई कुणाच्या तरी दारात उभी राहून हसत होती. हसता हसता तिचे डोळे लाल होत गेले.

"ते मॉमची कॉपी पाठवतात," स्वानंदी हळूच म्हणाली. "ती बेल वाजवते. मग स्माइल करते."

हिमानीचं हसू तिथेच थांबलं.

"बाबांना बोलव."

"बाबा बेसमेंटमध्ये मीटिंगमध्ये आहे. हेडफोन आहेत. डिस्टर्ब नाही करायचं."

"बरं, मग ऐक. तुझ्या डाव्या गुडघ्यावर तीळ आहे. तुला वरणभातावर तूप नको असतं, नुसतं लिंबू लागतं. तू एवढीशी होतीस तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरला घाबरून कपाटात बसायचीस."

"ओल्ड थिंग्स," स्वानंदी म्हणाली. नियम तिला पाठ होते. "जुनं सगळं कॉपीला माहीत असतं. कालचं सांग. काल मी आईला एक सीक्रेट सांगितलं. काय?"

काल या वेळी हिमानी मुंबईच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत होती.

"दात पडला का तुझा?"

डोळा पाण्यानं भरला.

"शाळेत कुणी काही बोललं? बाई रागावल्या? सांग ना, सोनू. मला खरंच माहीत नाही."

"आईला माहीत आहे," स्वानंदी म्हणाली. "आईनं कुणाला सांगणार नाही म्हणून प्रॉमिस केलंय."

पोरगी थंडीनं कापत नव्हती. ती आपल्याला बघून कापते आहे, हे हिमानीला आता कळलं, आणि तिलाही भीती वाटली. व्हिसा ऑफिसच्या खिडकीपुढे वाटली नव्हती एवढी. तिला फक्त त्या गालाला हात लावायचा होता. तिनं फटीतून हात आत घातला.

स्वानंदी किंचाळून मागे पळाली. परत आली तेव्हा तिनं टॅब छातीशी घट्ट धरला होता.

"आई, दारात कुणीतरी आलंय. तुझ्यासारखंच दिसतं. मला भीती वाटते."

टॅबला विचार करावा लागला नाही.

"घाबरू नको, बाळा. आधी दार लावून घे. कुणी कितीही गोड बोललं तरी उघडायचं नाही. मी आहे ना."

ते वाक्य हिमानीनं ओळखलं. पुण्यातल्या घरात, पंखा बंद करून, तिनं ते तीनदा म्हटलं होतं. पहिल्या दोन वेळा फार कोरडं वाटलं म्हणून पुसून टाकलं. तिसऱ्या वेळी मात्र गळा आपोआप भरून आला होता, आणि तेच तिनं पाठवलं होतं.

दार हळूहळू सरकू लागलं. त्या छोट्या बोटांना जोर लावावा लागू नये, म्हणून हिमानीनं आपला हात मुकाट्यानं बाहेर काढून घेतला. दार बंद झालं. मग कडी बसल्याचा आवाज आला.

तिनं बेल वाजवली नाही. दाराला कान लावून ती उभी राहिली.

"आई?" आतून बारीक आवाजात हाक आली.

हिमानीनं तोंड उघडलं. तिच्या आधीच आत कुणीतरी ओ दिली, तिच्याच आवाजात.