मोजायची शांतता

"हे बघ, काही अवघड नाही," ताई म्हणाली. प्रयोगशाळेतली ही सगळ्यांत जुनी संशोधक. सगळे तिला ताईच म्हणत. "माणूस बोलता बोलता अडला की इथे खूण करायची, परत बोलायला लागला की इथे. मधली शांतता मशीन मोजतं. पहिलाच दिवस आहे, चुकलीस तर विद्यापीठ काही बुडत नाही."

नवी मुलगी हसली. पदवीचा निकाल लागला न लागला तोच तिनं या वर्षभराच्या संशोधन-प्रशिक्षणाला अर्ज ठोकला होता. त्यातही विसरत चाललेल्या माणसांच्या बोलण्याचा अभ्यास करणारी हीच खोली तिनं हट्टानं मागून घेतली होती. हट्ट कशासाठी, ते मात्र मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

"आणि हो, आवाज ओळखीचा निघाला तर लगेच हात वर. ते रेकॉर्डिंग मग दुसऱ्याकडे जातं, तुला परत मिळत नाही. यात लपवाछपवी केलीस तर मॅडम त्याच दिवशी घरी पाठवतात, सांगून ठेवते."

तिनं हेडफोन लावले. पहिली एक-दोन रेकॉर्डिंग बरी गेली. पुढचं सुरू झालं आणि बोलायच्या आधी कुणीतरी घसा खाकरला. तेवढ्यानंच तिनं आवाज ओळखला.

बाबा.

त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. शेवटी शेवटी ते तिच्याकडे परक्यासारखं बघायचे. "बसा ना," म्हणायचे. हात वर करायला हवा होता. तिनं तो मांडीखाली दाबून धरला.

"घरी कोण कोण असतं?" रेकॉर्डिंगमधल्या बाईनं विचारलं.

"मी, ही, आणि आमचं शेंडेफळ. भारी आगाऊ आहे हो! नाव तिचं..."

बाबा अडले. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट झाली. खूण करायची ती विसरूनच गेली. आठवा ना, बाबा, असं मनातल्या मनात म्हणत राहिली. आठवा ना.

मग ते हसले, घरी हसायचे तसेच, नाकातून. "जाऊ द्या हो. आत्ता येईलच ती मला न्यायला. आली की तिलाच विचारू."

त्या दिवशी न्यायला आई गेली होती. तिचा स्वतःचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. तिला रडू आवरेना.

"काय गं, केलीस का खूण?" ताईनं पलीकडच्या टेबलावरून विचारलं.

तिनं रेकॉर्डिंग मागे नेलं. पुन्हा "नाव तिचं..." आलं, पुन्हा रेघ सपाट झाली. त्या शांततेत तिनं त्यांना आपलं नाव सांगितलं. हळू, नीट ऐकू जाईल असं.

मग हात वर केला.