जुन्या पत्त्यावरची हजेरी

पेशंटांच्या घरी दिलेल्या तीनशे बारा ऑक्सिजन मशीनांपैकी एकच अजून इस्पितळाच्या जुन्या इंटरनेट पत्त्यावर हजेरी लावत होतं. इस्पितळाची संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्या शलाकाने सगळ्या मशीनांना एकच सेटिंग करून दिलं होतं: आधी नवा पत्ता, तो लागला नाही तरच जुना. पण हे एक मशीन होतं त्या घरातल्या जुनाट राउटरला नवा पत्ता कळतच नव्हता, आणि जुना आज पाच वाजता कायमचा बंद व्हायचा होता.

तिने त्या घरी फोन लावला. "आजी, राउटर बदलून घ्या, नाहीतर आजोबांची नोंद इथे पोचायची नाही."

"हे दिवाळीतच गेले गं," आजी म्हणाल्या. "मशीन मी चालू ठेवलंय. हिरवा दिवा दिसला की वाटतं, दवाखान्यातून कुणीतरी ह्यांच्याकडे बघतंय."

शलाकाने नोंदी उघडल्या. चार महिने श्वासांच्या जागी नुसती शून्यं आली होती आणि कुणीही ती पाहिली नव्हती.

पाच वाजता, साहेब मागे उभे असताना, तिने जुना पत्ता बंद केला. दोन मिनिटांत फोन वाजला.

"बाळा, दिवा लाल झालाय," आजी म्हणाल्या. "ह्यांना काही झालं का गं?"