घरातल्या घरातला नफा

काचेच्या दारापलीकडे मॅडमचा भाऊ तावातावाने बोलत होता आणि मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. बाहेर सगळ्यांनी कामात डोकं खुपसल्याचं नाटक केलं होतं, पण डोळे तिकडेच होते.

मॅडम हिशेब विभागाच्या प्रमुख. मोठ्या कंपनीच्या पोटात पाच लहान कंपन्या, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक सहामाही ताळेबंद त्यांच्या टेबलावर तयार व्हायचा. पाठीमागे त्यांना कात्रीबाई म्हणत. एका कंपनीने दुसरीला माल विकला आणि तो गोदामातच पडून राहिला, की त्यावरचा नफा त्या बिनदिक्कत कापत. "घरातल्या घरात विकून कोणी श्रीमंत होत नाही," त्या म्हणायच्या. "माल उंबऱ्याबाहेर जाऊ दे, मग नफा म्हण." त्यांच्यापुढे भल्याभल्या संचालकांची डाळ शिजली नव्हती. त्यांच्या सहायकाला त्यांचा फार अभिमान होता. हे काम तो त्यांच्याच हाताखाली, ओरडा खात खात शिकला होता.

आज मात्र गाठ सख्ख्या भावाशी होती. तो पंपांच्या कारखान्याचा व्यवस्थापक. कारखाना सदा तोट्यात. या सहामाहीतही तोटा दिसला तर टाळं लावणार, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. कामगार जाणार, त्यांच्याबरोबर हाही जाणार. पण या वेळी पहिल्यांदाच नफा दिसत होता. सगळे पंप समूहातल्याच विक्री कंपनीने घेतले होते आणि ते पुढे गिऱ्हाइकांना विकल्याचं लेखी कळवलं होतं. म्हणजे कापण्यासारखं काही नव्हतं. दुपारच्या बैठकीत ताळेबंद मांडला, की कारखाना वाचल्यात जमा होता.

मग हा आता कशाला आला होता?

"आकडा आणखी फुगवून हवा असेल," शेजारच्या टेबलावरची बाई कुजबुजली. "रक्ताचं नातं आहे शेवटी."

"मॅडम बधायच्या नाहीत," सहायक म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

आत भावाने टेबलावर एक कागद ठेवला. मॅडमनी तो परत सरकवला. त्याने पुन्हा पुढे केला. मग मॅडम हळू आवाजात बराच वेळ काही बोलल्या. भाऊ नुसती नकारार्थी मान हलवत राहिला. शेवटी त्याने त्यांचा हात हातात धरला आणि मॅडमनी कागद ठेवून घेतला.

भाऊ कोणाकडेही न बघता निघून गेला. मागोमाग मॅडम बाहेर आल्या. डोळे लाल झाले होते. कागद सहायकापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "पंपांच्या नफ्यात बदल कर."

"किती वाढवायचा?" त्याने विचारलं. शब्दांतला कडवटपणा त्याला लपवता आला नाही.

"कापायचाय. विक्री कंपनीने थाप मारली. निम्मे पंप त्यांच्याच गोदामात पडलेत. हा स्वतः जाऊन मोजून आला."

सहायकाने कागद वाचला, आकडा कापून पाहिला. कारखाना सरळ तोट्यात जात होता. मोजणीखाली भावाची ठसठशीत सही होती.

"आम्हाला वाटलं, ते तुमच्यापुढे गयावया करतायत," तो ओशाळून म्हणाला.

"गयावया मी करत होते," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, हा कागद मी पाहिलाच नाही असं समज आणि घरी जा. तो ऐकेना."